पायरीवरची पावलं

मला पडता फार छान येतं. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून हौशी नाट्यस्पर्धांपर्यंत जिथं जिथं एखाद्या बाईनं घसरून, चक्कर येऊन किंवा नुसती बातमी ऐकून पडायचं असेल, तिथं तिथं दिग्दर्शक आधी माझ्याकडं बघायचे. अंग सैल सोडायचं, आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा टेकवायचा आणि डोकं अखेरपर्यंत वर ठेवायचं. पेशानं मी चित्रकलेची शिक्षिका, पण पन्नाशी ओलांडल्यावरही लोक मला ओळखतात ते त्या पडण्यावरून. गुलमंडीच्या बाजारात रंग घ्यायला गेले की दुकानदार अजून विचारतो, "काय बाई, या वर्षी कुठं पडणार?"

त्यामुळं पैठण रस्त्यावर, बिडकीनच्या अलीकडं असलेल्या वृद्धाश्रमातून फोन आला तेव्हा मला हसूच फुटलं. तिथल्या व्यवस्थापक ताई म्हणाल्या, "बाई, आमचे आजी-आजोबा फार पडतात हो. पडू नये म्हणून काय काळजी घ्यायची, ते त्यांना समजेल असं काहीतरी करून द्या. तक्ते, चित्रं, एखादी छोटी नाटिका. डॉक्टर सांगतात ते त्यांच्या डोक्यावरून जातं."

आयुष्यभर पडून टाळ्या मिळवलेल्या बाईला न पडण्याचं काम! मी लगेच हो म्हटलं.

दर सोमवारी तिथं एक तरुण फिजिओथेरपिस्ट यायची. तिनं मला एक वही दिली. झोपेतून एकदम उठू नका, आधी काठावर बसा. न्हाणीत कोरडी पट्टी ठेवा. पायपुसणं सरकतं असेल तर काढून टाका. चष्मा लावल्याशिवाय पाऊल टाकू नका. आणि शेवटच्या पानावर, दोनदा अधोरेखित केलेलं : पडलात तर लपवू नका, लगेच सांगा.

मी तक्ते करायला बसले ती जेवणघरातच, सगळ्यांच्या देखत. ही माझी हौस. लोकांनी बघितल्याशिवाय माझा ब्रश चालत नाही. आणि बघणारेही काय एकेक होते! न्हाणीत घसरणाऱ्या बाईचं पहिलं चित्र मी फार रंगवून काढलं. उडालेली बादली, हवेत साबण, सगळं. आयुष्यभर ट्रक चालवलेले एक चाचा होते, ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बाई, इसमें सब औरताँच गिर रईं. मर्दां नईं गिरते क्या?"

"तुमी तर गेल्या महिन्यात चहा पिता पिता खुर्चीवरून पडलात," मागून आवाज आला. "तुमचं येगळं चित्र काढावं लागंल."

हा आवाज एका आजींचा. त्या सिल्लोडकडच्या. ऐंशीच्या पुढं वय, काटकुळ्या, अंगावर नऊवारी आणि जिभेवर धार. घरी शेती होती. मुलं शहरात नोकरीला आली आणि आजी इथं आल्या. त्यांनी माझं चित्र जवळ घेऊन, लांब धरून पाहिलं.

"ही बाई न्हाणीत जाताना पदर खोचत नाय व्हय? निऱ्या अशा लोंबत्यात. पाय सापडंल नाय तर काय व्हईल? ती साबणानं नाय पडली, बाई. ती लुगड्यानं पडली."

मी चित्र बदललं. त्यानंतर प्रत्येक तक्ता आधी त्यांना दाखवायचा, असा नेमच पडला. त्या पास करायच्या किंवा नापास करायच्या. मी इतकी वर्षं मुलांना गुण देत आले, तर इथं मला रोज दहापैकी चार मिळायचे, आणि मला त्याचा आनंद व्हायचा.

आजींचा दिवस स्वयंपाकघरामागच्या दोन वाफ्यांवर चालायचा. एकात मेथी, एकात कोथिंबीर. सकाळी सातला त्या पाण्याचा जग घेऊन मागच्या व्हरांड्यातून दोन पायऱ्या उतरून अंगणात जायच्या. एकट्या. कुणी हात द्यायला गेलं तर म्हणायच्या, "माझा हात तुला धरायचा का मला? नीट सांग." जेवणात कोथिंबीर आली की त्या ताटावर नजर फिरवायच्या आणि कुणी बाजूला काढून ठेवली तर दिवसभर त्याचा उद्धार.

पण आश्रमाचा एक नियम होता. एकदा पडलं की ताकीद. दुसऱ्यांदा पडलं की कार्यालयाशेजारच्या खोलीत मुक्काम. तिथल्या खाटांना दोन्ही बाजूंनी कठडे, उशाशी घंटा, आणि मदतनीस आल्याशिवाय जमिनीला पाय लावायचा नाही. विश्वस्तांनी हे काळजीपोटीच ठरवलं होतं. खोलीही स्वच्छ, उजेडाची. पण तिथं गेलेलं माणूस परत आपल्या खाटेवर आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आजी दिवाळीच्या आधी एकदा पडल्या होत्या. म्हणजे त्यांच्या खात्यावर एक जमा होतं. त्या खोलीवरून जाताना त्या आत बघायच्याच नाहीत.

त्या मागच्या पायऱ्या फिजिओथेरपिस्टच्या डोळ्यात खुपत होत्या. व्हरांडा, पायऱ्या, अंगण, सगळी एकाच रंगाची शहाबादी फरशी. म्हाताऱ्या नजरेला वरची पायरी आणि अंगण यांच्या मधली पायरी दिसतच नाही. ती म्हणाली, "दोन्ही पायऱ्यांच्या कडेला चार बोटं रुंद पिवळा पट्टा मारा. आणि मधल्या पायरीवर पाय कुठं ठेवायचा त्याची ठळक खूण करा. साधी. बास."

साधी! मी ऑइल पेंटचा पिवळा डबा आणला, उघडला आणि मला ते दृश्य दिसलं : रस्त्याच्या दुभाजकासारखे पिवळे पट्टे आणि त्यावरून उतरणारे हे आजी-आजोबा. मन घेईना. मग मी पायऱ्यांना गेरूचा रंग दिला, कडेनं पांढरी ठिपक्यांची रांगोळी ओढली आणि मधल्या पायरीवर, बरोबर जिथं पाय पडावा तिथं, कुंकवाच्या लाल रंगात लक्ष्मीची दोन पावलं काढली. अशी देखणी, की माझी मलाच दृष्ट लागावी.

रंग वाळला तशी दाद यायला लागली. ताई म्हणाल्या, "किती प्रसन्न वाटतंय!" त्यांनी फोटो काढून विश्वस्तांना पाठवले. विश्वस्तांनी ठरवलं की गुरुवारी एक छोटा कार्यक्रम करू, तक्त्यांचं उद्घाटन आणि नाटिका. आजी-आजोबा येता-जाता पायरीशी थांबायचे. एक-दोघी वाकून पावलांना हात लावायच्या आणि हात डोळ्यांना लावायच्या. स्वयंपाकाच्या बाईनं मंगळवारी सकाळी त्यावर एक झेंडूचं फूल ठेवलेलं मी पाहिलं. मला वाटलं, ही माझ्या कलेला मिळालेली दाद. तीस वर्षं रंगमंचावर काढलेल्या बाईला नमस्कार कुणाला चाललाय ते कळू नये, यापरता मूर्खपणा नाही.

त्याच मंगळवारी, सकाळी सातच्या सुमाराला, मी व्हरांड्यात उरलेला तक्ता टांगत होते. आजी जग घेऊन आल्या. एका हातानं कठडा धरला. लुगडं खोचलेलं होतं, चष्मा होता, सगळं माझ्या तक्त्यांबरहुकूम. वरच्या पायरीवर आल्या, खाली पाहिलं, क्षणभर थांबल्या आणि मधली पायरी वगळून एकदम खालच्या अंगणात टांग टाकली. पाऊल पोचलं, पण तिरपं. कठड्यावरचा हात सुटला. त्या एका कुशीवर कलंडल्या, आणि जग घरंगळत मेथीत गेला.

माझ्या पडण्यासारखं त्यात काही नव्हतं. आवाजसुद्धा झाला नाही.

मी धावले. ओरडणार तेवढ्यात आजींनी माझं मनगट धरलं.

"बोंबलू नको. गप. हात दे आधी."

"आजी, लागलं का? थांबा, ताईंना बोलावते—"

"बोलावशील तर बघ." त्या उठल्या. उठल्या हे खरं. जांघेवर हात दाबून धरला, दोन पावलं टाकली, तिसरं टाकलं. "बघ. चालतीय ना? काय झालं नाय. कुणाला सांगायचं नाय. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

"पण तुम्ही अशी टांग का टाकलीत? मधल्या पायरीवर पाय द्यायचा ना! खूण केलीय ना मी तिथं!"

आजींनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी शाळेत दोन आणि दोन पाच म्हणणाऱ्या मुलाकडं बघते.

"मंग काय लक्ष्मीवर पाय देऊ?"

मी पायरीकडं पाहिलं. झेंडूचं फूल जागच्या जागी होतं. पाकळीसुद्धा चुरडलेली नव्हती. आणि मला एकदम आठवलं की रंग वाळल्यापासून दिवसातून दहा वेळा ये-जा करताना मी स्वतःसुद्धा त्या पावलांवर एकदाही पाय दिला नव्हता. कठड्याला चिकटून, तिरकी होऊन उतरायचे. विचार न करता.

दुपारी चाचांना मी सहज विचारावं तसं विचारलं. ते म्हणाले, "मैं तो बाजू से उतरता, बाई. आपके देवी के पाँव पे अपना जूता कैसा रखना? अच्छा नईं लगता." पाय ठेवायला म्हणून काढलेली खूण, आणि सगळ्या आश्रमात त्यावर पाय ठेवणारं माणूस नाही. मी पायरी दाखवायला निघाले होते, आणि होती ती पायरीही काढून घेतली.

इथं मी खरं सांगायला हवं. मी ताईंना सांगितलं नाही, आणि त्याची दोन कारणं होती. एक, शपथ. आजींचं चालणं जाईल, त्या खोलीत जातील, याची भीती मला खरोखर वाटत होती. दुसरं कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. गुरुवारी कार्यक्रम होता. त्या पायरीचे फोटो सगळीकडं गेले होते. त्यावर बोट ठेवायचं म्हणजे माझ्यावरच ठेवायचं.

मग मी काय केलं, तर पायऱ्यांच्या तोंडाशी एक खुर्ची आडवी ठेवली, म्हणजे कुणी उतरणार नाही. तासाभरानं चाचांनी ती उचलून भिंतीशी लावली. "आपनेच लिखे ना बाई, रास्ते में कुछ नक्को रखो." मी परत ठेवली. त्यांनी परत उचलली. असा आमचा बुधवार गेला. आजी बुधवारी वाफ्यावर आल्या नाहीत. जेवायला आल्या त्या भिंत धरून. मी विचारलं तर म्हणाल्या, "थंडीनं आखडलंय. तू तुझी चित्रं बघ."

मी माझी चित्रं बघितली.

गुरुवारी मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाहुणे, नारळ. आजी पहिल्या रांगेत. दोघींनी दोन्ही दंडांना धरून त्यांना आणून बसवलं होतं आणि त्या दोघींनाच त्या काहीतरी टोमणा मारत होत्या, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. माझी नाटिका सुरू झाली. मी एक हट्टी म्हातारा झाले होते. चष्मा न लावता निघतो आणि पडतो, सरकत्या पायपुसण्यावर पडतो, अंधारात दिवा न लावता पडतो. प्रत्येक पडण्याला हशा. चाचा मांडी आपटत होते. पाहुण्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. मी सांगते, माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं पडणं होतं, आणि आज मला त्याची लाज वाटते.

शेवटच्या प्रवेशात म्हातारा पडल्याचं लपवतो, लंगडत म्हणतो, "काय झालं नाय, काय झालं नाय!" आणि मग मी मिशी काढून पुढं येते आणि म्हणते, "पडलात तर लपवू नका. लगेच सांगा." वहीच्या शेवटच्या पानावरचं वाक्य. ते मी समोर बघून म्हणायचं होतं. मी मंडपाच्या झालरीकडं बघून म्हटलं.

टाळ्या झाल्या. पेढे वाटायला सुरुवात झाली. ताईंनी आजींना पुढं बोलावलं, कारण तक्ते त्यांनी तपासून दिले होते आणि त्यांना गुलाबाचं फूल द्यायचं होतं. आजी खुर्चीचे हात धरून उभ्या राहिल्या, आणि उजवा पाय त्यांच्याखालून निघून गेला. जसा काही तो त्यांचा नव्हताच. या वेळी आवाज झाला. आजींचा. मागच्या रांगेत दोघे-तिघे हसले. त्यांना वाटलं, नाटक अजून चालू आहे.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. खुब्याच्या हाडाला आधी बारीक तडा असावा, त्यावर चालत राहिल्यानं आता ते सरकलंय, असं ते म्हणाले. "कधी पडल्या होत्या?"

ताई म्हणाल्या, "आत्ताच. कार्यक्रमात."

मी म्हणाले, "मंगळवारी सकाळी. सात वाजता. माझ्यासमोर."

ताई माझ्याकडं वळल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "दोन दिवस? बाई, दोन दिवस?"

डॉक्टर आपल्याच नादात होते. मंगळवारी आणलं असतं तर कदाचित स्क्रूवर भागलं असतं, म्हणाले, आता अर्धा सांधा बदलावा लागेल, या वयात चालणं कितपत परत येईल ते बघू. मी खूप नाटकं केली आहेत, पण त्या वेळी हातांचं काय करायचं ते मला कळेना. शेवटी मी ते पर्समध्ये घातले, काहीतरी शोधत असल्यासारखे.

ताईंना मी सगळं सांगितलं. पावलं, टांग, शपथ आणि ते दुसरं कारणही. आणि हेही म्हटलं की तुमच्या त्या नियमानं लोक पडायचे थांबत नाहीत, सांगायचे थांबतात. ताई म्हणाल्या, "तुम्ही हे आज मला सांगताय, हे तुम्हाला शोभत नाही." मग बाकावरून उठता उठता म्हणाल्या, "पण लिहून द्या. विश्वस्तांपुढं ठेवते." मी लिहून दिलं. नियम अजून आहे. त्यावर विचार चालू आहे, असं कळतं.

दुसऱ्या दिवशी मी थिनर आणि तारेचा ब्रश घेऊन पायरी घासायला बसले. लक्ष्मीची पावलं निघता निघेनात, चांगला रंग वापरला होता ना मी. घासण्याआधी मला हात जोडावेसे वाटले, तेही जोडले. चाचा खुर्ची टाकून बसले होते. मग म्हणाले, "मैंने देखा था, बाई. बुधवार कू. दीवार पकडके चल री थी. मैंने भी किसी कू नईं बोला." आणि उठून आत गेले. मी चार बोटं रुंद पिवळे पट्टे मारले, आणि मधल्या पायरीवर एक पिवळा चौकोन. दुभाजकासारखा. संध्याकाळपर्यंत त्यावर नऊ जणांचे बुटांचे, चपलांचे ठसे उमटले. रंग पुरता वाळायचीही कुणी वाट पाहिली नाही.

शस्त्रक्रियेनंतर आजी परत आल्या त्या कार्यालयाशेजारच्या खोलीतच. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा कठड्याच्या गजांतून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"सांगितलंस व्हय?"

"सांगितलं."

"मंग आधी का नाय सांगितलंस?"

"तुम्ही शपथ घातली होती, आजी."

"मी म्हणलं आणि तू ऐकलंस! मी तुला गेल्या महिन्यात म्हणलं व्हतं, त्या म्हाताऱ्याच्या चित्राचं नाक काप, लई लांब हाय. ते ऐकलंस का? सोयीचं तेवढं ऐकती." आणि मग जरा हळू, "मला बी कळत व्हतं, बाई. आतून दुखत व्हतं. पन म्हणलं, मेथी तर निघू दे."

मी दर रविवारी जाते. फिजिओथेरपिस्ट आता आजींसाठी आठवड्यातून तीनदा येते आणि वॉकर देऊन त्यांना खाटेपासून दारापर्यंत नेते, मदतनीस मागं. एका रविवारी खोलीत कुणी नसताना आजींनी मला खुणेनं जवळ बोलावलं. डोळे असे चमकत होते, की मला त्यांच्या शेतातल्या दिवसांची कल्पना आली.

"काल चालले मी. एकटी. ती मदतनीस पोरगी चहाला गेली व्हती, वॉकर घेतला आणि खिडकीपावतर गेले. चार पावलं. आणि परत आले." चार बोटं वर केली. "कुणाला सांगू नको."

चार पावलं. त्यांनी मला ती एखादा दागिना दाखवावा तशी दाखवली होती. गप्प बसणं फार सोपं होतं, आणि मायेचंही दिसलं असतं.

"आजी, मी सांगणार," मी म्हणाले.

"काय?"

"आत्ता जाऊन सांगणार आहे. तुमच्यासमोर सांगते, हवं तर."

त्यांनी मला जे काही म्हटलं त्यातलं अर्धं इथं लिहिण्यासारखं नाही, आणि उरलेलं अर्धं मला कळलं नाही, इतकं ते अस्सल होतं. मी दारात जाऊन ताईंना हाक मारली आणि सांगितलं. ताईंनी फिजिओथेरपिस्टला फोन लावला. ती म्हणाली, चालल्या म्हणजे ताकद आलीय, उद्यापासून रोज नेऊ, खिडकीपर्यंत नाही, व्हरांड्यापर्यंत, पण माणूस बरोबर हवंच. आणि वॉकर रात्रंदिवस खाटेपासून लांब ठेवायचा असं ठरलं. आजींनी यातला शेवटचा भाग तेवढा ऐकला. तोंड भिंतीकडं केलं.

पुढच्या रविवारी गेले, तेव्हा चाचा त्यांच्या खाटेशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. मी आत आले तसं आजींनी पांघरूण वर ओढलं. मी स्टुलावर बसले. कशा आहात म्हटलं, उत्तर नाही. जेवलात का म्हटलं, उत्तर नाही. चाचांनी वाचणं थांबवून एकदा आजींकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पान उघडलं. अर्धा तास असाच गेला. मी निघायचं म्हणून पिशवी उचलली.

"चाचा," आजी भिंतीला म्हणाल्या, "त्या बाईला म्हणावं, जाताना खिडकी लाव. वारा येतोय."

"बोल रई, खिडकी लगाव," चाचा म्हणाले.

मी खिडकी लावली आणि परत स्टुलावर बसले.